जलप्रलयाचा शोध : गाळाची साक्ष आणि शब्दाची साक्ष

कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळा लागला, की केवळ बावड्यातच नव्हे, तर साऱ्या कोल्हापुरात सकाळ-संध्याकाळ एकच विचारणा होते : ‘बंधाऱ्यावर किती फूट?’ ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, दुधाच्या गाड्या अडल्या आणि नदीकाठच्या गावांतून माणसे व जनावरे नावांतून बाहेर काढावी लागली.

२०१९ चे पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण बावड्याच्या सखल भागातील एका घरी साफसफाईला गेलो होतो. आजोबांनी भिंतीवर कोळशाने २००५ च्या पुराची रेघ ओढून ठेवली होती. नवी ओल त्या रेघेच्या बरीच वर पोहोचली होती. जमिनीवर चार बोटे गाळ साचला होता. खोऱ्याने त्याचा एक तुकडा उचलला, तेव्हा त्यात पातळ पातळ थर स्पष्ट दिसले : खाली भरड रेती, वर मऊ पिवळसर माती आणि अगदी वर साय धरल्यासारखा काळपट चिखल. कॉलेजात शिकणारा नातू तो तुकडा हातात धरून म्हणाला, “फादर, नोहाच्या वेळचा असा गाळ कुणाला सापडलाय का?” मी उत्तर देण्यापूर्वीच उंबऱ्यावर बसलेल्या त्याच्या आजीने दुसरा प्रश्न टाकला, “फादर, आमचं असं काय पाप झालं हुतं?”

एकाच घरातील हे दोन प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाहीत. पहिल्याचे उत्तर इतिहासाकडे आणि उत्खननशास्त्राकडे मागावे लागते. दुसऱ्याचे पवित्र शास्त्राकडे. दोहोंची गल्लत केली, की दोन्ही उत्तरे चुकतात. गेल्या दीडशे वर्षांतील जलप्रलयाच्या शोधाची कहाणी म्हणजे बहुतांशी या गल्लतीची आणि तीतून हळूहळू बाहेर पडण्याची कहाणी आहे.

मातीच्या पाट्या बोलू लागल्या

या कहाणीचा पहिला नायक कोणी धर्मपंडित नव्हता. जॉर्ज स्मिथ हा लंडनमधील नोटांच्या छपाईसाठी ठसे कोरणारा कारागीर. दुपारच्या सुटीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन तो निनवे येथून आलेल्या मातीच्या पाट्या न्याहाळत बसे. स्वतःच्या प्रयत्नाने तो बाणाग्र लिपी शिकला आणि पुढे त्याच म्युझियममध्ये नोकरीला लागला. अस्सूरचा राजा अशुरबनिपाल याच्या ग्रंथसंग्रहातील एका पाटीवर त्याला एक ओळखीची गोष्ट दिसली. डोंगरावर टेकलेले जहाज, पाहणीसाठी सोडलेले कबूतर, विसाव्याला जागा न मिळाल्याने त्याचे परत येणे! ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनच्या बायबल-पुरातत्त्व मंडळापुढे त्याने आपला शोध वाचून दाखविला. इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन त्या सभेला हजर होते.

पाटीचा काही भाग तुटलेला होता. ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने एक हजार गिनी देऊ केल्या आणि स्मिथ १८७३ मध्ये निनवेला गेला. त्या अफाट ढिगाऱ्यात थोड्याच दिवसांत जलप्रलयकथेचा एक तुकडा त्याच्या हाती लागला. आपल्याला हवा तोच तुकडा मिळाला, असे त्याने जाहीर केले. पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले, की तो तुकडा त्या काव्याचा नव्हताच. तो ‘अत्राहसिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या आणि अधिक जुन्या काव्याचा होता. म्हणजे कथा एक नव्हती. एकाच स्मृतीच्या अनेक कथा होत्या. स्मिथला हे कळावयाचे नव्हते. १८७६ मध्ये तिसऱ्या मोहिमेवरून परतताना अलेप्पो येथे वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीवरील ही कथा वाचताना बायबलच्या वाचकाला आजही धक्का बसतो. देवांनी मानवाचा नाश ठरविणे, एकाला गुप्तपणे सावध करणे, जहाजाला डांबर लावणे, पक्षी सोडणे, उतरल्यावर यज्ञ करणे, सारे काही तेथे आहे. १९१४ मध्ये निप्पूर येथील सुमेरी भाषेतील जलप्रलयकथाही प्रसिद्ध झाली. उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा एकाकी नाही, हे स्पष्ट झाले. काहींना वाटले, आता बायबल खरे ठरले. काहींना वाटले, आता ते उसने ठरले. दोन्ही पक्षांनी फार घाई केली.

ऊर येथील खड्डा

पाट्यांनंतर पाळी आली मातीची. इराकच्या दक्षिणेस ऊर येथे लेनर्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केले. ऊर म्हणजे बायबलनुसार आब्राहामाचे मूळ गाव. १९२८-२९ च्या हंगामात राजघराण्याच्या थडग्यांखाली एक अरुंद खड्डा खणला जात असताना भांड्यांची खापरे अचानक संपली आणि स्वच्छ, पाण्याने आणून टाकलेला गाळ लागला. कामगारांना वाटले, मूळ जमीन लागली. वुली यांनी उंचीचे मोजमाप केले. मूळ जमीन इतक्या वर असणे शक्य नव्हते. त्यांनी आणखी खणावयास लावले. आठएक फूट गाळानंतर पुन्हा खापरे आणि गारगोटीची हत्यारे सापडली. ती अधिक प्राचीन, उबैद संस्कृतीची होती. वुली यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की सहकाऱ्यांना याचा अर्थ विचारला असता त्यांना काही सांगता आले नाही. मात्र त्यांच्या पत्नीने सहज उत्तर दिले, की हा तर जलप्रलय! पुढच्या हंगामात बराच मोठा खड्डा खणण्यात आला आणि तेथे गाळाची जाडी ११ फुटांपर्यंत भरली.

१९२९ मध्ये ही बातमी जगभर गेली. अनेक धर्मोपदेशकांनी ती व्यासपीठावरून सांगितली. तथापि, शास्त्राची कसोटी त्यानंतर सुरू झाली. ऊर येथेच खणलेल्या सर्व खड्ड्यांत हा गाळ सापडला नाही. अगदी जवळच्या उबैद टेकडीवर त्याचा मागमूस नव्हता. ऊरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या एरिदू येथे १९४६ ते १९४९ या काळात इराकच्या पुरातत्त्व खात्याने खोलवर उत्खनन केले. तेथेही असा थर मिळाला नाही. जो पूर शेजारच्या गावापर्यंत पोहोचला नाही, त्याला जगबुडी कसे म्हणावे?

दरम्यान कीश आणि शुरुप्पाक या शहरांतही पुराचे थर आढळले. १९३१ मध्ये एरिक श्मिट यांनी शुरुप्पाक येथे पाहिलेला थर साधारणतः इ. स. पू. २९०० च्या सुमाराचा मानला जातो. ऊरचा थर मात्र त्याहून कित्येक शतके जुना आहे. म्हणजे वेगवेगळ्या गावांचे वेगवेगळ्या काळांतील वेगवेगळे पूर. असे असूनही शुरुप्पाकची साक्ष विचार करण्याजोगी आहे. कारण मेसोपोटेमियाच्या कथांत जलप्रलयाचा नायक याच शहराचा रहिवासी आहे आणि सुमेरी राजावलीतही जलप्रलयापूर्वीची शेवटची राजधानी म्हणून याच शहराचे नाव येते. ऊर येथे वुली यांचे साहाय्यक राहिलेले मॅक्स मॅलोवन यांनी १९६४ मध्ये सर्व पुरावा पुन्हा तपासला. कथेमागे एखादा खरा पूर असेल, तर तो ऊरचा नव्हे. शुरुप्पाक व कीश येथील थरांच्या काळाचा असावा, असा त्यांचा कल होता. ‘असावा’ या शब्दापलीकडे प्रामाणिक संशोधक जात नाही.

अरारात पर्वतावरील तारवाच्या शोधाबद्दल फार लिहावयास नको. १९५५ मध्ये फर्नांद नवारा या फ्रेंच गिर्यारोहकाने तेथून लाकूड आणले. कार्बन-पद्धतीने तपासल्यावर ते ख्रिस्तजन्मानंतरच्या काळातील निघाले. तुर्कस्तानातील जहाजाच्या आकाराची जी टेकडी वृत्तपत्रांतून वारंवार तारू म्हणून झळकते, ती भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते निसर्गाने घडविलेली आहे. अशी कात्रणे दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी भाविक मोठ्या श्रद्धेने माझ्याकडे आणून देतो. त्याच्या श्रद्धेला नाही म्हणावयाचे नाही. मात्र जी श्रद्धा कात्रणावर उभी राहते, ती पुढच्या कात्रणाने पडते.

आपल्या भूमीतील गाळ

या शोधाचा भारताशी काही संबंध नाही, असे वाटण्याचे कारण नाही. शतपथ ब्राह्मणात मनू आणि मत्स्याची कथा आहेच. त्याहून विशेष म्हणजे गाळ आणि ग्रंथ यांची सांगड घालण्याचा प्रयत्न आपल्याकडेही झाला. पुराणांत उल्लेख आहे, की गंगेने हस्तिनापूर वाहून नेल्यावर निचक्षू राजाने राजधानी कौशांबीला हलविली. १९५० ते १९५२ या काळात बी. बी. लाल यांनी हस्तिनापूर येथे उत्खनन केले, तेव्हा राखी रंगाची चित्रित खापरे सापडणाऱ्या वस्तीचा काही भाग पुराने धुऊन नेल्याच्या खुणा त्यांना मिळाल्या. ग्रंथ आणि गाळ जुळले, असे त्यांना वाटले. इतर विद्वानांनी मात्र सावध केले : पुराचा थर पूर सिद्ध करतो, राजाचे नाव सिद्ध करीत नाही.

सिंधू खोऱ्यातील मोहेंजोदडो येथेही हाच वाद झाला. रॉबर्ट रेक्स हे जलतज्ज्ञ. भूकंपाने नदीचा मार्ग अडून शहराभोवती पाणी तुंबले असावे, असे मत त्यांनी मांडले. इतर संशोधकांनी त्याला आक्षेप घेतला. गंमत अशी, की याच रेक्स यांनी १९६६ मध्ये नोहाच्या पुराच्या भौतिक पुराव्यांचीही चिकित्सा केली होती. पाण्याच्या दृष्टीने सिंधू काय आणि फरात काय!

महाराष्ट्रात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, घोड नदीच्या काठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी बांधलेला बांध आणि त्याला जोडलेला पाट उजेडात आला. पुराचे पाणी अडवून वळवावे आणि शेतीला द्यावे, ही त्यांची दृष्टी होती. कोणत्याही पोथीत त्यांचे नाव नाही. तरीही पाण्याशी झुंजणाऱ्या माणसाची ती साक्ष मला वुली यांच्या ११ फूट गाळाइतकीच मोलाची वाटते.

आणि खुद्द कोल्हापूर? पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनकालीन विटांची घरे तेथे मिळाली. त्याच टेकाडावर या सुमारास काशाच्या वस्तूंचा एक संग्रह मिळाला आणि त्यात भूमध्य समुद्राकडून आलेली एक छोटी मूर्ती होती. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात ती ठेवलेली आहे. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी आला, तो कोणत्याही पुराबरोबर नव्हे. व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला. वस्तू जशा गाठोड्यातून प्रवास करतात, तशा कथाही करतात. बाबेलची कथा यहुदी लोकांपर्यंत कशी पोहोचली, हे समजण्यासाठी ही लहानशी मूर्ती पुरेशी आहे.

पंचगंगेकाठच्या लोकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. २०१४ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे अर्व्हिंग फिंकेल यांनी सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची एक पाटी प्रसिद्ध केली. तीत जहाज कसे बांधावे, याच्या सूचना आहेत आणि ते जहाज चक्क गोल आहे! वेताचे, दोर वळून विणलेले, डांबराने लिंपलेले प्रचंड टोपले. तशा गोल होड्या इराकमध्ये विसाव्या शतकापर्यंत वापरात होत्या. आपल्याकडे गुऱ्हाळावरची गुळाची काहील पाण्यात लोटून तीतून नदी ओलांडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना गोल तारवाचे नवल वाटणार नाही. आयत्या वेळी हाताशी असेल, त्यातच माणूस जीव वाचवितो.

लेखकाला काय म्हणावयाचे होते?

सेमिनरीत आमच्या प्राध्यापकांनी उत्पत्तीच्या सहाव्या ते नवव्या अध्यायांची प्रत देऊन दोन रंगांच्या पेन्सिली हाती घ्यावयास सांगितले होते. एके ठिकाणी प्रत्येक जातीची एक जोडी, तर दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात सात जोड्या. एके ठिकाणी चाळीस दिवसांचा पाऊस, दुसरीकडे दीडशे दिवस चढलेले पाणी. दोन रंग लावून झाल्यावर दोन स्वतंत्र कथा विणलेल्या दिसल्या. फ्रेंच वैद्य झां आस्त्रुक यांनी १७५३ मध्येच उत्पत्तीच्या पुस्तकातील देवाच्या दोन नावांवरून असे धागे वेगळे करण्यास आरंभ केला होता. यांपैकी एका धाग्याला बाबेलच्या बंदिवासाच्या काळात आकार आला, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. ज्यांचे मंदिर जळाले आणि ज्यांना पाटबंधाऱ्यांच्या परक्या मुलखात नेण्यात आले, त्या लोकांनी ही कथा पुन्हा सांगितली, हे विसरून चालणार नाही.

या अभ्यासाला ख्रिस्तसभेने दार बंद केले नाही. पोप बारावे पायस यांनी १९४३ च्या विश्वपत्रात प्राचीन लेखकांच्या लेखनप्रकारांचा अभ्यास करण्यास उत्तेजन दिले. उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय आजच्या अर्थाने इतिहासलेखन नसले, तरी ते खऱ्या अर्थाने इतिहासाशी निगडित आहेत आणि साध्या, रूपकात्मक भाषेत मूलभूत सत्ये सांगतात, असे त्यांनी १९५० मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिकविले, की देवाला काय सांगावयाचे आहे हे जाणण्यासाठी मानवी लेखकाला काय म्हणावयाचे होते, हे आधी शोधले पाहिजे. आपल्या मराठीपुरते बोलावयाचे, तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात जुन्या कराराची कथा ओवीबद्ध केली, तीही पुराणाच्या रूपात. लेखनप्रकार ओळखण्याची दृष्टी आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच आली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा बायबलच्या लेखकाने काय केले, ते त्याने काय बदलले यावरून कळते. अत्राहसिस काव्यात देव माणसांवर संतापतात, ते त्यांच्या गोंगाटाने झोपमोड होते म्हणून. उत्पत्तीमध्ये कारण वेगळे आहे : पृथ्वी हिंसाचाराने भरली होती. गिल्गमेशमध्ये जलप्रलयानंतर भुकेले देव यज्ञाभोवती माश्यांसारखे जमतात. उत्पत्तीमध्ये परमेश्वर करार करतो. तोही नोहाच्या वंशाशीच नव्हे, तर सर्व सजीव प्राण्यांशी. आणि त्या कराराचा गाभा काय? असा नाश पुन्हा करणार नाही. पाट्यांचा शोध लागला नसता, तर हा फरक आपल्याला इतका ठळक दिसला नसता. उत्खननाने बायबल ‘सिद्ध’ केले नाही. त्याने आपल्याला बायबल वाचावयास शिकविले.

आजीचे उत्तर

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो. ज्या कथेचा शेवट ‘पुन्हा नाही’ या वचनाने होतो, ती कथा हाती धरून पूरग्रस्ताला पापी ठरविणे म्हणजे कथा अर्धवट वाचणे होय. २०१९ च्या पुरात बावड्यातील गरिबाचे घर बुडाले, ते त्याच्या पापाने नव्हे. ते सखल जागेत होते आणि सखल जागाच त्याला परवडत होती.

मात्र हिंसाचाराचा मुद्दा तेवढ्याने निकालात निघत नाही. २०१९ च्या महापुराची कारणे शोधण्यासाठी शासनाने वडनेरे समिती नेमली. पूररेषेच्या आत झालेली बांधकामे, बुजलेले ओढे-नाले, आकुंचित झालेले नदीपात्र हे विषय त्यानंतर सर्वतोमुखी झाले. नकाशावर निळी आणि लाल रेषा आखलेली असते. तिच्या आत भराव टाकणारा एक असतो आणि त्या भरावामुळे ज्याच्या घरात पाणी शिरते, तो दुसरा असतो. पृथ्वी हिंसाचाराने भरते, ती तलवारीनेच भरते असे नाही.

ऊरच्या खड्ड्यातील गाळ मुका आहे. तो पूर आला एवढेच सांगतो. तो कोणाच्या चुकीने आला आणि कोण वाचला, हे सांगत नाही. ते सांगावयास शब्द लागतो. गाळ खोटा नाही आणि शब्दही खोटा नाही. एकाकडून दुसऱ्याचे काम करून घेऊ नये, इतकेच.

त्या दिवशी आजीला मी एवढेच म्हणालो, “आजी, पाप तुमचं नाही.” ती काही बोलली नाही. नातवाने गाळाचा तो तुकडा उन्हात वाळवून एका डबीत ठेवला. दोन वर्षांनी, २०२१ च्या पुरानंतर मी पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा आजोबा भिंतीवर तिसरी रेघ ओढत होते. रेघेखाली त्यांनी साल लिहिले आणि कोळसा खाली ठेवला. मग आम्ही सर्वांनी मिळून खोरी घेतली आणि गाळ काढावयास सुरुवात केली.